मातीच्या पोटातले पाणी

श्रीखंडासाठी घरी चक्का बांधणाऱ्या गृहिणीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दही फडक्यात बांधून टांगले की आधी पाण्याची धार लागते, मग थेंब थेंब गळू लागतो आणि पुढे रात्रभर टांगले तरी थोडे पाणी आत राहतेच. पाहुणे दाराशी आले म्हणून घाईघाईने त्या पुरचुंडीवर पाटा ठेवला, वर वरवंटा ठेवला, तरी पाणी आपल्या चालीनेच निघते. फार जोर केला तर फडक्यातून दहीच बाहेर येते. आता कोणी विचारले की, वरवंटा ठेवला त्या पहिल्या क्षणी त्याचे वजन पेलले कोणी, तर आपण म्हणू, दह्याने. ते खरे नाही. ते वजन पहिल्यांदा पेलते दह्यातले पाणी. पाणी जसजसे वाट काढून बाहेर पडते, तसतसे ते ओझे दह्याच्या घट्ट भागावर येते आणि मग कुठे चक्का आवळतो.

आपली घरे, पूल आणि धरणे जिथे चिकणमातीवर उभी असतात, तिथे जमिनीच्या पोटात हेच चाललेले असते. फरक इतकाच की तिथे रात्रभराचे काम पन्नास-शंभर वर्षे चालते. माणूस हजारो वर्षे चिकणमातीवर बांधकामे करत आला. काही टिकली, काही कलली, काही गाडली गेली. पण माती आपल्या पोटातले पाणी कसे सोडते आणि किती काळाने सोडते, याचा हिशेब विसाव्या शतकाची पहिली दोन दशके उलटेपर्यंत कोणाला मांडता आला नव्हता. तो ज्यांनी मांडला त्या कार्ल टेर्झागी यांचे नाव आज जगातला प्रत्येक स्थापत्य अभियंता विद्यार्थिदशेत शिकतो. त्यांच्या आयुष्याला एक काळी बाजूही आहे. ती पाठ्यपुस्तकांत सहसा नसते, आणि त्यांची गोष्ट सांगताना ती गाळून चालणार नाही.

टेर्झागींचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग शहरी झाला. तेव्हा ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. वडील लष्करात अधिकारी. ते निवृत्त झाल्यावर कुटुंब ग्राझ या ऑस्ट्रियन गावी आले. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे दहाव्या वर्षीच कार्लची रवानगी लष्करी शाळेत झाली. तिथल्या शिस्तीत मुलगा गणितात आणि भूगोलात चमकला, पण लष्कर काही त्याच्या मनात भरले नाही. १९०० साली तो ग्राझच्या तंत्रविद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेला आणि लष्करी शाळेत कोंडलेली सगळी वर्षे जणू एकदम वसूल करू लागला. अभ्यासापेक्षा मित्रमंडळींचे अड्डे अधिक आणि वर्गापेक्षा डोंगर प्रिय. त्याच्या एका उपद्व्यापामुळे विद्यापीठातून नाव काढून टाकण्याची वेळ आली होती. व्हिटनबाउअर नावाचे एक प्राध्यापक मध्ये पडले म्हणून निभावले. एखाद्या उनाड मुलात पाणी आहे हे ओळखणारा एक तरी शिक्षक प्रत्येक संस्थेत असावा, असे अशा वेळी वाटते.

१९०४ मध्ये पदवी मिळाली. नंतर वर्षभर सक्तीची लष्करी सेवा करावी लागली. त्या रिकाम्या संध्याकाळी या तरुणाने भूविज्ञानाचे एक इंग्रजी पुस्तक जर्मन भाषेत उतरवले. शिकला यंत्रे आणि मन जडले दगडमातीवर! मग परत विद्यापीठात जाऊन भूविज्ञानाचा अभ्यास केला आणि व्हिएन्नातल्या एका बांधकाम कंपनीत नोकरी धरली. क्रोएशियातल्या चुनखडीच्या डोंगरांत जलविद्युत प्रकल्पाची पाहणी कर, रशियात सेंट पीटर्सबर्गला जाऊन अडलेले काम मार्गी लाव, अशी वर्षे गेली. या वर्षांत एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून बसली. लोखंडी तुळई किती भार घेईल हे अभियंता कागदावर सांगू शकतो. पण ती तुळई ज्या खांबावर टेकते आणि तो खांब ज्या मातीवर उभा राहतो, त्या मातीबद्दल मात्र तो गवंड्याइतकाच अंदाजाने बोलतो. इमारत आकड्यांवर उभी आणि पाया नशिबावर, असा हा प्रकार होता.

१९१२ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेला गेले. पश्चिमेकडच्या राज्यांत त्या वेळी मोठमोठी धरणे बांधली जात होती. त्या सर्व ठिकाणी हिंडून कोणत्या जातीच्या मातीवर काय घडले याची नोंद करायची आणि त्यातून नियम काढायचा, असा त्यांचा बेत होता. दोन वर्षे वह्या भरल्या. हाती निराशा आली. भूवैज्ञानिक ज्या मातीला एकच नाव देतात, ती एका ठिकाणी धरण पेलत होती आणि दुसऱ्या ठिकाणी दगा देत होती. नावावरून मातीचा स्वभाव कळत नाही, एवढाच धडा घेऊन ते परतले आणि लवकरच पहिले महायुद्ध पेटले.

युद्धात काही काळ लष्करी सेवा झाल्यावर १९१६ मध्ये त्यांना कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, अभियांत्रिकी शाळेत शिकवायला पाठवण्यात आले. त्यांचे गुरू फोर्शहाइमर तिथे होते. १९१८ च्या अखेरीस तुर्कस्तान हरले, ऑस्ट्रियाही हरली, आणि जेत्यांच्या ताब्यातल्या शहरात शत्रुराष्ट्राचा नागरिक असलेल्या या प्राध्यापकाची नोकरी गेली. वय पस्तीस, गाठीला पैसा नाही, मायदेशाचे साम्राज्य नकाशावरून पुसलेले. अशा वेळी बॉस्फरसच्या काठावरल्या रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेने त्यांना आसरा दिला.

तिथे प्रयोगशाळा म्हणावे असे काही नव्हते. टेर्झागींनी सिगारची रिकामी खोकी गोळा केली, कॉलेजच्या भंगारातून हाताला लागेल ते उचलले आणि मातीवर प्रयोग सुरू केले. कोणकोणते प्रयोग करायचे त्याची यादी त्यांनी एका कागदावर आधीच लिहून काढली होती. पुढची काही वर्षे त्या एका कागदाने खाल्ली.

त्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग दिसायला अगदी साधा. धातूचे एक कडे घ्यायचे. त्यात ओल्या चिकणमातीची जाड चकती बसवायची. वर आणि खाली सच्छिद्र दगडाचे तुकडे, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट. वरून ठरावीक वजन द्यायचे आणि चकती किती दबते ते घड्याळ लावून मोजत बसायचे. वाळू असती तर वजन ठेवताच खाली बसली असती आणि तिथेच प्रकरण मिटले असते. चिकणमाती मात्र पहिल्या मिनिटाला थोडी, पुढच्या तासाला आणखी थोडी, आणि दुसऱ्या दिवशीही केसभर अशी दबतच राहते. इतरांना यात मातीचा चिवटपणा दिसला असता. टेर्झागींना त्यात पाण्याचा प्रवास दिसला.

त्यांनी मांडले ते असे. मातीवर पडणाऱ्या एकूण दाबाचे दोन वाटेकरी असतात: मातीचे कण आणि कणांमधले पाणी. पाणी दाबाने आकसत नाही, म्हणून नवे ओझे आले की सुरुवातीला ते सगळे पाण्यावरच पडते. त्या दाबाने पाणी हळूहळू बाहेर सरकते आणि जितके पाणी हटेल तितके ओझे कणांकडे जाते. मातीची ताकद आणि तिचे दबणे या दोन्ही गोष्टी ठरतात त्या कणांच्या वाट्याला आलेल्या दाबावर. एकूण दाबावर नव्हे. १९२३ मध्ये त्यांनी या प्रवासाचे गणिती समीकरण व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. तापलेल्या वस्तूतून उष्णता जशी पसरते, तशाच गणिताने मातीतला पाण्याचा दाब ओसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या समीकरणातून एक व्यवहारी नियम निघतो. मातीचा थर दुप्पट जाड असेल तर त्याला बसायला दुप्पट नव्हे, चौपट काळ लागतो. प्रयोगशाळेतली बोटभर चकती एका दिवसात बसते. तीच माती जमिनीखाली काही मीटर जाड असेल तर ती कित्येक वर्षे बसत राहते. कड्यातल्या चकतीवरून शंभर वर्षांनंतरचे भाकीत सांगणे त्यामुळे शक्य झाले.

पिसाचा कलता मनोरा हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. त्याचे बांधकाम ११७३ मध्ये सुरू झाले, पाच वर्षांत तिसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि युद्धांच्या धामधुमीत थांबले. ते पुन्हा सुरू झाले ते थेट १२७२ मध्ये. या शंभरेक वर्षांच्या खोळंब्याने मनोरा वाचला, असे आज अभियंते मानतात. तेवढ्या काळात खालच्या मऊ चिकणमातीतले पाणी निघून गेले आणि माती पुढचे ओझे घेण्याइतकी घट्ट झाली. गवंड्यांनी एका दमात काम उरकले असते, तर मनोरा कलून न थांबता कोसळलाच असता. काम रखडल्याचा फायदा झाला, असे उदाहरण आपल्या सार्वजनिक बांधकामांच्या इतिहासात शोधूनही क्वचितच सापडेल!

पण पाणी मातीला इतके चिकटून का बसते? याचे उत्तर तिच्या खनिजांत आहे. चिकणमातीचे कण वाळूसारखे गोल-टोकेरी नसतात. ते पापडांच्या चळतीसारखे पातळ पातळ पत्र्यांचे असतात आणि एकेक कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही लहान. अशा पातळ पत्र्यांचा पृष्ठभाग अफाट भरतो. माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या अवघ्या एका ग्रॅमचा सगळा पृष्ठभाग उलगडला, तर तो आठशे चौरस मीटरपर्यंत जातो. म्हणजे साडेआठ हजार चौरस फूट, साधारण डझनभर मध्यमवर्गीय फ्लॅट. या पत्र्यांवर विद्युतभार असतो, त्यामुळे पाण्याचे रेणू तिथे ओळीने बिलगतात आणि पत्र्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात. माती फुगते ती अशी. उलट तिला दाबू लागले की बाहेरचे मोकळे पाणी आधी जाते. पण पत्र्यांना बिलगलेले शेवटचे एक-दोन थर काढायला काही हजार वातावरणांचा दाब लागतो. तेवढा दाब कुठल्याही इमारतीचा नसतो. म्हणजे आपल्या पायाखालची चिकणमाती कितीही दाबली तरी पुरती कोरडी कधीच होत नाही.

हे खनिज आपल्याला परके नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी काळी कापसाची जमीन तयार झाली, तिच्यात याच जातीची खनिजे भरलेली आहेत. बँकेत असताना काही वर्षे मी मराठवाड्यातल्या एका शाखेत होतो. घरबांधणीच्या कर्जाची प्रकरणे टेबलावर येत आणि जागेची पाहणी करायला जावे लागे. चैत्र-वैशाखात त्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असत आणि आषाढात त्याच जमिनीवर पाऊल ठेवले की चप्पल तिथेच राही. तिथले गवंडी पायाच्या चरात उतरून आधी एकच चौकशी करत, मुरूम लागला की नाही. काळ्या मातीतच पाया उरकलेल्या घरांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा गेलेल्या दिसत. कर्जाचे हप्ते फिटायच्या आत भिंत फाटे. एकमजली घराचे वजन इतके हलके, की पावसाळ्यात फुगणारी माती ते सहज वर उचलते आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली सोडते. दरवर्षीची ही उठबस वीटकाम किती काळ सोसणार? रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुंधा असलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांची पद्धत विकसित केली, ती या उठबशीच्या खाली जाऊन पाय रोवण्यासाठीच. मुरूम विचारणाऱ्या त्या गवंड्याला टेर्झागींचे नाव माहीत नव्हते. पण दोघांचा प्रश्न एकच होता.

१९२५ मध्ये टेर्झागींचा जर्मन भाषेतला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदा-यांत्रिकी नावाचे नवे शास्त्र जन्माला आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने त्यांना बोलावून घेतले. तिथे आर्थर कासाग्रांदे हा तरुण ऑस्ट्रियन त्यांचा सहायक झाला आणि पुढे स्वतःच या शास्त्रातला मोठा आचार्य ठरला. पहिला विवाह मोडल्यावर टेर्झागींनी १९३० मध्ये रूथ डॉगेट या भूवैज्ञानिक तरुणीशी लग्न केले. रूथ स्वतः विदुषी. नवऱ्याच्या लेखनावर तिचा हात सतत फिरत राहिला. तोवर म्हणजे १९२९ मध्येच टेर्झागी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक म्हणून मायदेशी परतले होते. कीर्ती होती, शिष्य होते, देशोदेशीची सल्ल्याची कामे होती. आणि इथेच ती काळी बाजू सुरू होते.

त्याच विद्यापीठात पाउल फिलुंगर नावाचे यांत्रिकीचे प्राध्यापक होते. तेही १८८३ सालचेच. दगडी धरणाच्या सच्छिद्र अंगात शिरलेले पाणी धरणाला वर उचलते का, या प्रश्नावर ते १९१३ पासून लिहीत होते. पाण्याने भरलेल्या सच्छिद्र पदार्थाच्या ताकदीवर आतल्या पाण्याच्या दाबाचा परिणाम होत नाही, असे त्यांनी टेर्झागींच्या आधी प्रयोगाने दाखवले होते. स्वभावाने काटेकोर, गणितात तरबेज, पण जगाने फारशी दखल न घेतलेला माणूस. समोरच्या दालनात मात्र परदेशी पाहुण्यांची रीघ. धरणातल्या पाण्याच्या दाबावरून दोघांची आधी शास्त्रीय चकमक झाली आणि ती हळूहळू वैयक्तिक होत गेली. फिलुंगर यांच्या मते टेर्झागींचे समीकरण म्हणजे अंदाजांवर रचलेला डोलारा होता आणि त्याच्या जोरावर लाखोंच्या बांधकामांचे सल्ले देणे ही फसवणूक होती.

१९३६ च्या अखेरीस फिलुंगर यांनी पदरमोड करून एक पुस्तिका छापली. शीर्षकात नव्या शास्त्राचे नाव आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. आत गणित होते आणि गणिताच्या मधून मधून जहरही होते. टेर्झागी आणि त्यांचे सहकारी फ्र्योलिश यांच्या हेतूंवर आणि प्रामाणिकपणावर त्यात उघड शिंतोडे उडवले होते. टेर्झागींनी विद्यापीठाकडे दाद मागितली. चौकशी समिती नेमली गेली. समितीने दोघांची गणिते समोरासमोर ठेवली आणि टेर्झागींच्या बाजूने कौल दिला. साधी परिस्थिती धरली तर फिलुंगर यांची समीकरणेसुद्धा शेवटी टेर्झागींच्याच उत्तरापाशी येऊन पोहोचत होती. टेर्झागी आणि फ्र्योलिश यांनी प्रत्युत्तराची पुस्तिकाही लिहिली. आपली नोकरी आणि अब्रू दोन्ही जाणार, हे फिलुंगर यांना दिसू लागले. मार्च १९३७ मध्ये एके दिवशी फिलुंगर आणि त्यांच्या पत्नी यांनी राहत्या घरी एकत्र आपले जीवन संपवले.

यात दोष कोणाचा? फिलुंगर यांनी मर्यादा सोडली यात शंका नाही. शास्त्रातल्या मतभेदाला चारित्र्याचे कज्जे जोडले की सत्यालाही कोणी ऐकत नाही. टेर्झागींना स्वतःचा बचाव करणे भागच होते. पण एक प्रश्न उरतो. समोरच्या माणसाच्या संतापामागे खरेच काही सांगण्याजोगे आहे का, हे पाहण्याइतका वेळ कोणी घेतला का? कारण फिलुंगर यांच्याकडे तसे काही होते. त्याच विषारी पुस्तिकेत मातीचे कण आणि पाणी यांची हालचाल एकाच वेळी, एकमेकांत गुंतलेली अशी मांडणारी समीकरणे होती. ती टेर्झागींच्या समीकरणांपेक्षा अधिक व्यापक होती. पुढे सच्छिद्र पदार्थांचा जो सिद्धान्त उभा राहिला त्याची ती सुरुवात होती, हे जर्मनीतल्या एसेन विद्यापीठाचे प्राध्यापक राइंट द बोअर यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून विसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. म्हणजे न्याय मिळायला अर्धे शतक गेले. नवे ओझे मातीच्या कणांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हे ज्यांनी जगाला शिकवले, त्यांच्या विद्यापीठाने हा निवाडा मात्र काही आठवड्यांत उरकला.

टेर्झागी या प्रकरणातून निर्दोष बाहेर पडले, पण व्हिएन्नात त्यांचे मन रमले नाही. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली आणि त्याच वर्षी ते कुटुंबासह अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी शिकवायला सुरुवात केली. १९३९ पासून शिकागोच्या भुयारी रेल्वेचे काम त्यांच्या सल्ल्याने झाले. वर शहर नांदते आहे आणि खाली मऊ चिकणमातीतून बोगदा चालला आहे, अशा या कामात राल्फ पेक हा तरुण अभियंता मातीची रोजची हालचाल मोजून त्यांना कळवत असे. या गुरुशिष्यांनी १९४८ मध्ये लिहिलेले पाठ्यपुस्तक पुढे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासले गेले. टेर्झागींची शिकवण थोडक्यात अशी: आधी सर्वांत संभाव्य स्थिती धरून आराखडा करावा, पण वाईटात वाईट काय होईल याचीही तयारी ठेवावी, बांधताना माती काय करते ते मोजत राहावे आणि ती वेगळे काही सांगू लागली तर आराखडा बदलावा. आपल्याच सूत्राला चिकटून बसणारे अभियंते त्यांना आवडत नसत.

या वृत्तीची कसोटी केनियातल्या सासुमुआ धरणावर लागली. तिथली लाल चिकणमाती नेहमीच्या चाचण्यांत अगदी विचित्र ठरत होती. तिच्यात पाणी इतके, की पुस्तकाप्रमाणे ती धरणाला अयोग्य ठरावी. टेर्झागींनी तिच्या खनिजाचा शोध घेतला. ते हॅलॉइसाइट निघाले. या मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे कडक, सच्छिद्र गोळे झाले होते आणि बरेचसे पाणी त्या गोळ्यांच्या पोटात बंदिस्त होते. त्या पाण्याचा मातीच्या ताकदीला उपद्रव नव्हता. त्याच मातीचे धरण भक्कम उभे राहिले आणि १९५८ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेला निबंध गाजला. अमेरिकेत तिशीच्या उंबरठ्यावर शिकलेला धडा त्यांनी पंचाहत्तरीतही विसरला नव्हता. मातीला नावावरून किंवा एखाद्या आकड्यावरून जोखायचे नाही.

चिकणमाती आणि पाणी यांचे नाते अजून पुरते उलगडलेले नाही, हे त्यांच्यानंतरच्या एका शोधावरून दिसते. आपल्या कपबश्यांच्या चिनी मातीतले मुख्य खनिज केओलिनाइट. त्याचे पत्रे एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की एरवी पाण्याला आत शिरकाव नसतो. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या योन्सेई विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खनिज पाण्यासह सुमारे सत्तावीस हजार वातावरणांच्या दाबाखाली आणि दोनशे अंश सेल्सियसला ठेवले. एवढा दाब जमिनीखाली साधारण पंचाहत्तर किलोमीटरवर असतो. समुद्राचा तळ जिथे दुसऱ्या भूखंडाखाली सरकत जातो, तिथे ही माती त्या खोलीवर पोहोचते. दाबाने पाणी बाहेर पडावे, तर उलटेच झाले. पाणी पत्र्यांच्या मध्ये घुसले आणि खनिजाचे आकारमान तीस टक्क्यांहून थोडे अधिक वाढले. आणखी खोल, आणखी उष्णतेत ते मोडते आणि पाणी सोडून देते. त्या पाण्याचा ज्वालामुखींशी संबंध असावा असा विचार आहे. घराच्या पायाखाली दाबाने पाणी सोडणारी माती, पृथ्वीच्या पोटात दाबानेच पाणी पिते. टेर्झागी असते तर त्यांनी नक्कीच नवी वही उघडली असती.

शेवटची वर्षेही त्यांची स्वस्थ गेली नाहीत. इजिप्तच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. सोव्हिएत अभियंत्यांशी आराखड्यावरून मतभेद झाले तेव्हा १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका नदीपात्रात, मऊ चिकणमातीच्या थरावर, त्यांनी मिशन धरण उभे करून दाखवले. खालची माती दबणार, धरण बसणार, हे गृहीत धरूनच त्याची रचना केली होती. चिकणमातीच्या अस्तरावर प्लॅस्टिकचा पडदा अंथरण्याची नवी युक्तीही तिथे वापरली. १९६० मध्ये ते पुरे झाले. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या विंचेस्टर गावी टेर्झागींचे निधन झाले. १९६५ मध्ये त्या धरणाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांची कागदपत्रे नॉर्वेतल्या ओस्लो शहरी, तिथल्या भूतंत्र संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.

फिलुंगर यांच्या नावाचे धरण कुठे नाही. पण आज संगणकावर पायाचे, धरणाचे किंवा बोगद्याचे गणित मांडणारा अभियंता कण आणि पाणी यांची हालचाल एकत्र धरतो, तेव्हा त्या विचाराच्या मुळाशी टेर्झागींबरोबर फिलुंगरही असतात. हयातीत एका विद्यापीठाच्या छताखाली ज्यांना एकमेकांचे म्हणणे ऐकता आले नाही, त्या दोघांचे काम आता एकाच गणितात मांडले जाते. यातून शास्त्रज्ञांनी काय घ्यायचे ते घेतले. आपल्यासारख्यांनी, घरात किंवा कचेरीत कोणी आवाज चढवून बोलू लागला तर त्याचा स्वर सोडून त्याचे म्हणणे तेवढे तपासून पाहावे आणि निवाडा करायला थोडा वेळ घ्यावा.